या वर्षी काही तप नाही का?



मागच्या वेळी बिनकांद्याच्या काळ्या मसाल्याचं लिहिलं, तेव्हा पुढच्या लेखात मुगाच्या सांडग्यांचं प्रमाण देते असं कबूल केलं होतं. ते राहिलं. आज भांडायला बसले आहे, तेही आपल्याच बायकांशी. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

२०२३ च्या भाद्रपदातली गोष्ट. दशलक्षणातला सातवा दिवस, म्हणजे उत्तम तपाचा. हे अंथरुणाला खिळून चार महिने झाले होते. लेक लातूरहून आली होती म्हणून मला वीस मिनिटं मंदिरात जायला मिळालं. केस धड विंचरलेले नव्हते, साडीला औषधाचा वास. दर्शन घेऊन वळले तर पायरीवर आपल्यातल्याच एक बाई भेटल्या. चांगल्या बाई आहेत, वाईट हेतू मुळीच नव्हता. हसून म्हणाल्या, "काय हो वहिनी, या वर्षी काही तप नाही का?"

मी दहा उपवास दोनदा केलेले आहेत. १९९८ साली आणि २००९ साली. दोन्ही वेळा बग्गीतून मिरवणूक निघाली, पारण्याला शंभरावर माणूस होतं, श्रीफळ-शाल झाली, फोटो अजून कपाटात आहेत. त्या वर्षी मात्र मी म्हणाले, "नाही हो, या वर्षी काही नाही जमलं." आणि खाली मान घालून ऑटोत बसले. वजिराबाद ते विष्णुपुरी पूर्ण रस्ता मला लाज वाटत होती. लातूर फाटा गेला, कॉलेजची गेट आली, तोवर लाजेचा राग झाला होता. तो राग आज काढते आहे.

आधी घरातलं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

यांना गालाचा कॅन्सर होता. मोंढ्यात अडत, दिवसभर माणसांचा राबता, आणि खिशात तंबाखूची डबी. आठ मूलगुण पाळणारा माणूस, रात्री पाणीसुद्धा घेत नसे, पण तंबाखू सुटली नाही. आपल्या किती घरांत हे असंच आहे ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली तेव्हा हे म्हणाले होते, "मी गुटखा कुठं खातो?" तर ते असो. मुंबईला ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, वर्षभर बरं गेलं, आणि मग मानेत परत आला. तेव्हा सांगितलं गेलं की आता बरं करण्याचं औषध नाही, त्रास कमी करण्याचं आहे, घरी घेऊन जा.

घरी म्हणजे काय, हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. घरी म्हणजे मी. वय त्रेसष्ट, दोन्ही गुडघे दुखरे, बी.कॉम. १९८१, नर्सिंगचा अनुभव शून्य. नाकातल्या नळीतून दिवसातून सहा वेळा पातळ द्यायचं, गाळून. गाठ जास्त राहिली की नळी तुंबते. मानेवरची जखम दोनदा धुवायची. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दोन-दोन तासांनी कूस बदलायची. औषध रात्री दहाला, दोनला आणि सहाला. मुलगा हैदराबादला, पैसे पाठवायचा, कधी कमी पडू दिले नाहीत. पण पैशानं रात्री दोनला कूस बदलत नाही.

मी सूर्यास्ताच्या आत जेवते. हिवाळ्यात पावणेसहालाच अंधारून येतं आणि नेमकी तीच जखम धुण्याची वेळ. हात धुऊन बघावं तर दिवस गेलेला. हिशेबाची सवय म्हणून मी वही ठेवत होते, त्यात खूण करायचे. चार महिन्यांत अशा सत्तेचाळीस संध्याकाळी मी न जेवता झोपले. हे ऐकून एकजण मला म्हणाल्या, "वा, म्हणजे उपवास घडला की!" उपवास ठरवून करतात, बाई. हा घडला नव्हता, ही माझी हेळसांड होती. आणि ती थांबवायला कुणीतरी साडेपाचला येऊन अर्धा तास यांच्यापाशी बसलं असतं तरी पुरलं असतं.

आता शास्त्राकडे येते. मी पंडिता नाही, पाठशाळेत शिकलेली आणि नंतर स्वाध्यायाला बसलेली बाई आहे. तपं बारा. सहा बाह्य, सहा अभ्यंतर. बाह्य सहांत अनशन पहिलं, तेवढं आपल्याला पाठ आहे, कारण त्याला बग्गी आहे. अभ्यंतर सहा कोणती? प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग, ध्यान. तिसरं बघा. वैयावृत्त्य, म्हणजे सेवा-शुश्रूषा. आणि कुणाची करायची याची तत्त्वार्थसूत्रात दहा जणांची यादी आहे, आचार्य, उपाध्याय, तपस्वी इथपासून. त्या यादीत एक शब्द आहे 'ग्लान'. ग्लान म्हणजे आजारी.

मंदिराच्या पायरीवर मला विचारलं गेलं तेव्हा मी त्याच तपाच्या चौथ्या महिन्यात होते. तपाच्याच दिवशी, तपाबद्दलच विचारलं, आणि विचारणारीला ते दिसलं नाही. वाईट याचं वाटतं की मलाही दिसलं नाही. मी "नाही" म्हणून आले.

मला माहीत आहे, आता कुणीतरी म्हणेल की त्या यादीतला ग्लान म्हणजे आजारी साधू, तुमचा नवरा नव्हे. बरोबर आहे. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी श्रावकाच्या चार शिक्षाव्रतांत वैयावृत्त्य धरलं आहे, तिथंही पात्र म्हणजे तपोधनच. हे मी लपवत नाही. पण मग मला एवढं सांगा. महाराजांना ताप आला की पाय चेपायला आपण रांग लावतो. त्या सेवेनं आपल्यात जो मऊपणा यायचा, तो मंदिराच्या दाराबाहेर आला की वाळून जातो का? साधूच्या सेवेत सराव केलेला हात घरातल्या आजाऱ्याजवळ आखडत असेल, तर तो सराव कसला केला आपण? जैन प्रतीकाच्या खाली जे सूत्र आपण लग्नपत्रिकेवरसुद्धा छापतो, त्यात तर साधू-श्रावक असा भेद नाही. सगळे जीव एकमेकांच्या उपकारासाठी, एवढंच आहे त्यात. छापायला काही लागत नाही.

आणि ती उद्दायन राजाची गोष्ट. पाठशाळेत निर्विचिकित्सा अंग शिकवताना सांगतात ती. देव परीक्षा घ्यायला रोगी मुनीचं रूप घेऊन येतो, आहार घेतो आणि उलटी करतो. राजा-राणी नाक मुरडत नाहीत, स्वच्छ करतात, उलट आपल्याच आहारात काही चूक झाली का म्हणून हळहळतात. मी स्वतः ही गोष्ट लहान मुलांना वीस वर्षं सांगितली. यांच्या जखमेला वास यायचा. तोंडाच्या कॅन्सरच्या जखमेला येतोच. भेटायला आलेली माणसं दारातच रुमाल नाकाला लावायची. यांना बोलता येत नव्हतं, पण डोळे ठीक होते, आणि तो रुमाल त्यांना दिसायचा. त्यात माझ्या पाठशाळेतून शिकून गेलेल्या दोघीजणी होत्या.

(वासाचं एक सांगून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून ती भुकटी जखमेवर टाकतात, डॉक्टरांना विचारून. चार-पाच दिवसांत वास निम्म्यावर येतो. हे मला पहिले दोन महिने कुणी सांगितलं नाही. तोवर मी उदबत्त्या लावत होते.)

माझ्या वहीत पाहुण्यांचीही नोंद आहे. खरं सांगू, चहा-साखरेचा हिशेब लागेना म्हणून सुरू केली होती. पाच महिन्यांत एकशे बारा माणसं येऊन गेली. एकशे बारा चहा. त्यांतल्या सतरा जणांनी सांगितलं की तंबाखू खाल्ली म्हणून झालं. आम्हाला ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. नऊ जणांनी असातावेदनीय कर्माचा उदय आहे म्हणून सांगितलं. तेही आम्हाला माहीत होतं. कुणाच्या मेव्हण्याला कुठल्या वैद्याच्या काढ्यानं गुण आला, ते मोजायचं मी सोडून दिलं. "तुम्ही झोपलात का?" असं विचारणारी माणसं तीन. आणि "तुम्ही जा, आंघोळ करून या, मी बसते" असं म्हणणारी आपल्या समाजातली एक. एकशे बारांत एक. ती माझी धाकटी जाऊ, जिच्याशी माझं दहा वर्षं धड बोलणं नव्हतं.

कर्माबद्दल एक बोलते आणि सोडते. तत्त्वार्थसूत्रात असातावेदनीय कशानं बांधलं जातं तेही दिलं आहे. दुःख देणं, शोक, संताप, रडायला लावणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला किंवा दोघांना. आणि सातावेदनीय कशानं, तर करुणा, दान, क्षमा. म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसून "हे तुमचंच कर्म" म्हणणारीनं पुढची वही स्वतःच्या नावानं उघडली. मी बी.कॉम. आहे, नोंद कुठल्या खात्यात पडते ते मला कळतं.

मग मदत कुणी केली? वरच्या खोलीत इंजिनीअरिंग कॉलेजची दोन पोरं भाड्यानं राहायची, हिंगोलीकडची. त्यांना तपाचा प्रकार एकही सांगता आला नसता. एका रात्री पलंगावरून यांना सरकवताना माझा हात सुटला आणि मी ओरडले. दोघं चड्डी-बनियनवर धावत खाली आली. त्या दिवसापासून परीक्षा असो नसो, रात्री अकराला एकजण दार वाजवायचा, "काकू, काकांची कूस." ते दोन शब्द ऐकले की मला रडू यायचं. शहरात एवढा मोठा गुरुद्वारा आहे, लंगर चालतो, कोण कुठला न विचारता पंगतीत बसवतात, भल्या घरची माणसं भांडी घासतात आणि लोकांच्या चपला पुसतात. हे आपण जन्मभर बघतो, कौतुक करतो आणि ऑटोनं घरी येतो.

आता दुखण्याबद्दल. हे लिहिताना अजून हात थरथरतो.

पहिले सहा आठवडे यांना साध्या गोळ्या चालू होत्या आणि त्या पुरत नव्हत्या. हे उशी दाताखाली धरायला बघायचे आणि जबडा मिटत नसे. मॉर्फिनचं नाव निघालं तेव्हा घरात सभाच बसली. अफूचं औषध. चुलत दीर म्हणाले, "शेवटच्या काळात नशा करायला लावता का भाऊंना? णमोकार कसा म्हणणार?" मीही घाबरले. मद्य-मांस-मधाचा त्याग केलेल्या घरात अफू!

शेवटी लेकीनं मुंबईहून चिठ्ठी आणि गोळ्या आणल्या. डॉक्टरांनी फोनवर तिला जे समजावलं ते मी वहीत उतरवून घेतलं होतं. तेच देते. कॅन्सरच्या वेदनेवर पायरीपायरीनं औषध चढवत न्यायचं, तोंडानं द्यायचं आणि घड्याळ लावून द्यायचं, हे जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ सालीच सांगून ठेवलं आहे. दुखेपर्यंत थांबायचं नाही, चार तासांनी पुढचा डोस. वेदनेसाठी डॉक्टरांच्या हाताखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागण्याची भीती कॅन्सरमध्ये धरायची नसते. बद्धकोष्ठ मात्र होतंच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. ही अफू चोरटी नव्हे, नीमच-मंदसौरकडे सरकारच्या परवान्यानं पिकते. अडचण कायद्याची होती. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं एवढे परवाने लावले की बहुतेक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ साली तो बदलला, आता मान्यता मिळालेल्या रुग्णालयाला ते सोपं आहे. पण भीती अजून चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांच्या बोटांत आहे आणि आपल्या दिवाणखान्यात आहे.

रात्रीच्या डोसाचा प्रश्न होताच, कारण यांचा रात्री काही न घेण्याचा नियम. पाठशाळेच्या पंडितजींना विचारलं. ते म्हणाले, "नियम घेताना औषधाची सूट ठेवतात, तशी आता ठेवा, आणि हे मला इतक्या उशिरा का विचारलं?"

तिसऱ्या दिवशी हे साडेचार तास सलग झोपले. उठले, आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. मी आधी बघतच राहिले, मग समजलं. णमोकार मोजत होते. सहा आठवडे तो अंगठा चादर घट्ट धरून होता, त्याला मोजायला सवड नव्हती. नशेत णमोकार कसा म्हणणार म्हणे!

सल्लेखनेवरही बोलायला पाहिजे, टाळून चालणार नाही. दिवाळीच्या सुमारास आमच्या दिवाणखान्यात बसून एका नातेवाइकांनी आवाज न दाबता म्हटलं, "आता किती ओढायचं? संथारा दिला की सुटतील." दिला की! जणू इंजेक्शन आहे. आतल्या खोलीत यांना ऐकू गेलं. यांच्याजवळ मुलाची लहानपणची पाटी होती, तीवर लिहून बोलायचे. मी आत गेले तर पाटीवर लिहिलेलं होतं, "मला विचारलं का?"

मैत्रिणींनो, ऑगस्ट २०१५ आठवा. १० तारखेला राजस्थान उच्च न्यायालयाचा निकाल आला, संथारा म्हणजे आत्महत्या. २४ तारखेला देशभर आपण मूक मोर्चे काढले. ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. मीही पांढरी साडी नेसून चालले होते आणि आजही चालेन. त्या मोर्चात आपण काय सांगत होतो? की हे व्रत ज्याचं त्यानं, शुद्ध बुद्धीनं, गुरूच्या साक्षीनं, कषाय कमी करत घ्यायचं असतं, कुणी कुणाला द्यायचं नसतं. मग तेच आपण दिवाणखान्यात कसं विसरतो? जो माणूस वेदनेनं तळमळतो त्याची बुद्धी शुद्ध कशी राहणार? आणि ज्याची बायको चार महिने झोपली नाही, तो खरंच व्रत मागतो आहे की बायकोवरचं ओझं उतरवायला बघतो आहे, हे कसं ओळखणार? समाजाला सल्लेखनेचा मान राखायचा असेल तर आधी त्या माणसाचं दुखणं थांबवा आणि त्याच्या बायकोला झोपू द्या. मग त्याला विचारा, आणि उत्तर काहीही येवो, ऐकून घ्या. माझ्या मते मोर्चाइतकंच हेही धर्मरक्षण आहे. यांनी ते व्रत घेतलं नाही. माघात एका पहाटे, सहाचा डोस व्हायच्या आधी, शांतपणे गेले.

मदत कुठं मिळते ते मला फार उशिरा कळलं, म्हणून सांगते. पुण्यात वारजे इथं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, १९९७ पासून, विनामूल्य. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या माणसाला तिथं काही दिवस ठेवून घेतात, वेदना ताब्यात आणतात, आणि घरचं माणूस सोबत राहून नळी, जखम, कूस सगळं शिकतं. हे मला चौथ्या महिन्यात कळलं, तेव्हा यांना प्रवास झेपणार नव्हता. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे, १९८६ चं, देशातलं असं पहिलं. आपल्या बाजूला बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल. लातूरकडच्या कितीतरी घरांना ते जवळ पडतं, आणि देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली तिथूनच सुरू झाली. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन, किमो, रेडिएशनला आधार मिळतो, रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्याला सवलत मिळते. आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. तो वेड्यांसाठी आहे असं समजू नका. ज्या बाईला रात्री तीन वाजता "हे सुटले तर बरं" असं मनात येऊन स्वतःचीच शिसारी येते, तिच्यासाठीही आहे. माझ्या मनात आलं होतं, एकदा नव्हे. मी कुणाला बोलले नाही, कारण कुणाला बोलणार? एकशे बारांतलं कोण?

पण सगळ्यात जास्त मला केरळचं वाचून वाटलं. तिथं १९९३ साली कालिकतला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी वेदनेवर काम सुरू केलं, आणि पुढं मलप्पुरमच्या बाजूला ते गल्लीगल्लीत गेलं. शिक्षिका, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी थोडं प्रशिक्षण घेतात आणि आपल्याच वस्तीतल्या अंथरुणावरच्या माणसाकडे ठरलेल्या दिवशी जातात. नर्स अधूनमधून येते, बाकी शेजारी. लोकांची वर्गणी, थेंबे थेंबे. २००८ साली तिथल्या सरकारनं त्याचं धोरण केलं. अंथरुणावरच्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला तिथं महिन्याला ६०० रुपये द्यायची योजनाही आहे. रक्कम कितीशी ती! पण कुणाच्या तरी खतावणीत त्या बाईच्या नावाचं खातं उघडलं गेलं.

"आपल्याला कसं जमणार?" असं म्हणू नका, ते मी मुळीच ऐकून घेणार नाही. मुनिसंघाचा विहार या रस्त्यानं होणार म्हटलं की आपलं महिला मंडळ काय करतं? चार दिवस आधी यादी लागते. पहाटे कोण पाणी गाळणार, कुणाकडे कोणत्या दिवशी चौका, कोण पडगाहन करणार, कुणाची पाळी आली तर बदली कोण. एक बाई आजारी पडली तर तिच्या जागी दुसरी दहा मिनिटांत हजर. एकही आहार चुकलेला मला आठवत नाही. ही व्यवस्था कुठल्या कंपनीतही सापडायची नाही. त्याच वहीच्या मागच्या पानावर दुसरी यादी करा. कोणत्या घरी आजारी आहे, आणि त्या घरच्या बाईला दुपारी दोन तास कोण देणार. बावीस जणींचं मंडळ आहे. आठवड्याला दोन तास म्हटलं तर चव्वेचाळीस तास होतात. गणित मी केलं आहे, चूक असेल तर दाखवा.

"परपुरुषाचं अंग कसं हाताळायचं?" हाताळू नका. बसा. नळी निघाली तर तिला हाक मारा. ती झोपलेली असते तेवढा वेळ दाराची बेल वाजली तर उघडा. पातळ भाजी गाळून ठेवा, कपडे वाळत घाला, तिला साडेपाचला जेवायला बसवा आणि तिचं जेवण होईपर्यंत कुणालाही आत सोडू नका. उचलायला-सरकवायला मंदिरात अभिषेकाला येणारे पुरुष आहेत, त्यांची यादी वेगळी. "आम्हाला बघवत नाही" असंही म्हणतात. बघवत मलाही नव्हतं.

माझीही चूक झाली, ती लिहिते. पहिल्या महिन्यात दोघीतिघींनी विचारलं होतं, "काही मदत?" आणि मी म्हटलं, "नको नको, आहे सगळं ठीक." असंच म्हणायची आपली रीत आहे. नवऱ्याचं सगळं मीच करते यात मला मोठेपणाही वाटत होता, खोटं कशाला बोलू. म्हणून करणाऱ्यांना सांगते, "काही मदत?" असं विचारू नका. "मंगळवारी दोन वाजता येते," असं सांगा. आणि जी आत अडकली आहे तिला सांगते, दार उघडून बाजूला हो आणि झोप.

हे सगळं आत्ता का, तर आमच्या गल्लीच्या टोकाला आपल्यातलंच एक घर आहे. बाई माझ्या लेकीच्या वयाची. नवऱ्याला स्वादुपिंडाचा, शेवटचा टप्पा. यंदा पर्युषणात ती दिसली नाही, आणि मंदिराच्या पायरीवर दोघीजणी बोलताना माझ्या कानावर आलं, "तिचं हल्ली धर्माकडे लक्ष नाही." मी थांबले, आणि जे २०२३ साली बोलायला हवं होतं ते बोलले, जरा मोठ्यानंच बोलले. त्या रुसल्या आहेत.

परवा मंगळवारी दोनला मी तिच्याकडे गेले. ती चहा टाकायला निघाली, तिला खोलीत ढकललं आणि दार लावलं. तो माणूस आणि मी, दोघांनी मिळून खिडकीतून धरणाकडे जाणारी ट्रॅक्टरं मोजली. चारला तिला उठवलं तर ती दचकून म्हणाली, "काय झालं?" काही झालं नव्हतं. मंगळवार माझा, गुरुवार धाकट्या जावेचा, शुक्रवारी वरच्या खोलीत नवीन आलेलं पोरगं रात्री अकराला जाऊन येतो म्हणाला. सोमवार, बुधवार आणि शनिवारची दुपार रिकामी आहे.